एकोणिसाव्या अंकाचा फितूर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि ‘बेंदेर’ मासिकाच्या संपादक आदरणीय सोसिन खानिम. व्यासपीठाची शोभा वाढवणारे विद्यापीठातले अध्यापक मामोस्ता इद्रिस. आमचे अंक छापून स्वतःच्या घरावर संकट ओढवून घेणारे छापखानेवाले हाजी रेशो. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आजचे सत्कारमूर्ती, या सभागृहातल्या प्रत्येकाचे मामा आणि म्हणूनच सगळ्यांच्या तोंडी ‘खालो’ असलेले आमचे मुद्रितशोधक तेमो. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक बेसे. आणि आमेद शहरातल्या वाचक बंधूंनो, भगिनींनो,

आरंभीच एक कबुली देतो. या सभागृहात शिरताना मी सवयीने मागच्या दाराची कडी तपासली. तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी जे मिशाळ गृहस्थ बसले आहेत त्यांना मी ओळखत नाही, आणि ते मघापासून काहीतरी लिहून घेत आहेत. वार्ताहर असाल तर स्वागत आहे. दुसरं काही असाल तरी स्वागत आहे, फक्त मग नीट लिहून घ्या. हसू नका मंडळी. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या सवयी अशा एका संध्याकाळीत जात नाहीत.

आज बावीस एप्रिल, आपला कुर्दी पत्रकारितेचा दिवस. आपलं पहिलं वर्तमानपत्र सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या शहरात, कैरोत निघालं, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. घरची गोष्ट सांगायला आपल्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जावं लागलं. पुढे आमच्या लहानपणी येरेवानचा रेडिओ लागायचा. वडील आवाज इतका बारीक ठेवत की गाणाऱ्या बाईपेक्षा आमच्या श्वासांचाच आवाज मोठा व्हायचा. मग एक्याण्णव साली कायदा बदलला आणि कुर्दीत छापायला मोकळीक मिळाली. सगळे पेढे वाटल्यासारखे कदायिफ वाटत सुटले. मला काय वाटलं असेल? मला संशय आला. म्हटलं, दार उघडलंय खरं, पण दारामागे कोण उभं आहे ते आधी बघा.

तरीही ब्याण्णवच्या शरदात आम्ही मासिक काढलंच. कल्हईवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खालून दिवसभर ठोकाठोक. मी संपादक, आणि अंकातल्या प्रत्येक अक्षराबद्दल तुरुंगात जाण्याचा मानही कायद्याने माझाच. तेमो प्रुफं तपासायचा आणि अंक छापून आले की गठ्ठेही तोच बांधायचा. सुतळीची गाठ अशी मारायचा की व्हान शहराकडच्या चीज विकणाऱ्या बायका ती शिकायला यायच्या. मासिकाचं नाव ‘बेंदेर’, म्हणजे खळं. ते नावही त्यानेच सुचवलेलं. धान्य आणि भूस जिथे वेगळं होतं ती जागा, असं तो म्हणाला होता.

आता तरुण मंडळींना एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुम्ही सगळं फोनवर वाचता. तेव्हा अंक छापून झाला की छापखान्याने त्याच्या प्रती सरकारी वकिलाकडे पोहोचवायच्या, असा नियम. तिथे कुणीतरी त्या वाचणार, जप्तीचा हुकूम काढणार, मग पोलीस येणार. या सगळ्याला तीन-चार तास लागायचे. तेवढ्या वेळात आमचे गठ्ठे कलिंगडांखाली, चीजच्या डब्यांमागे, लग्नाच्या वऱ्हाडातल्या गाद्यांमध्ये लपून मिनीबसमधून गावोगाव गेलेले असायचे. पोलीस आले की हाजी रेशो त्यांना सीमेपलीकडून चोरून आलेला चहा पाजायचे आणि म्हणायचे, “जप्त करा ना साहेब, हे घ्या, चाळीस प्रती शिल्लक आहेत.” बरोबर ना हाजी?

आणि वाचणारे तरी कसे? बोलायला सगळे वाघ, पण शाळा तुर्कीत झालेली, त्यामुळे स्वतःची भाषा छापलेली दिसली की बोट ठेवून वाचायचे. लिहिणाऱ्यांचीही तीच गत. वाक्य कुर्दीत सुरू व्हायचं आणि मधेच शब्द संपायचे. मग आम्ही काय करायचो? आईला विचारायचो. त्या काळातल्या प्रत्येक कुर्दी संपादकाचा शब्दकोश त्याच्या आईच्या तोंडात होता. माझी आई गेवरे, तिकडे फारकीनला. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण नांगराच्या सतरा भागांना सतरा नावं यायची. जर्मनीतल्या भावाने तिच्या घरी फोन बसवून दिला होता. अंक छापायला जाण्याआधी मी तिला फोन करायचो आणि शेवटच्या पानावरच्या शब्दांच्या सदरासाठी शब्द मागायचो. ते सदर लोक सगळ्यात आधी वाचायचे. माझा अग्रलेख कुणी वाचायचं की नाही याबद्दल मला अजून संशय आहे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सोळावा अंक निघाला, आणि यंत्र थांबायच्या आत पोलीस दारात. एकही गठ्ठा बाहेर पडला नाही. फेब्रुवारीत सतराव्याचं तेच. मार्चमध्ये अठरावा छापायला दुसरीकडे नेला, तर ते आमच्या आधीच तिथे येऊन बसलेले. एक जण मला म्हणाला, “या संपादकसाहेब, तुमचीच वाट बघत होतो. कागद उशिरा आला का?” आता सांगा, याला योगायोग म्हणायचं? घरचा भेदी असल्याशिवाय हे होतं का?

मग मी माणसं मोजायला बसलो. छपाईचा दिवस आणि जागा माहीत असणारे चार जण. मी, चित्रं काढणारा बेदरान, हाजी रेशो आणि तेमो. बेदरानला विसरभोळेपणामुळे स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नव्हती. हाजींचं तर यंत्रच जप्त व्हायची वेळ आलेली. राहिला कोण? तेमो तेव्हा मध्येच तास-तासभर गायब व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, “पायाला मुंग्या आल्या, चालून आलो.” मला वाटलं, चालून कुठे आलास बाबा?

म्हणून मी सापळा लावला. एप्रिलचा एकोणिसावा अंक सोमवारी, तिसऱ्याच एका गावात छापायचा ठरवला आणि त्याचा पत्ता कुणालाच सांगितला नाही. तेमोला मात्र बाजूला घेऊन म्हटलं, “यावेळी मंगळवारी सकाळी. लोहारबाजारात नवा छापखाना आहे. फक्त तुला सांगतोय.” तो म्हणाला, “बरं.” बस, एवढंच. मला ते ‘बरं’सुद्धा संशयास्पद वाटलं.

मंगळवारी सकाळी मी लोहारबाजारासमोरच्या चहाच्या दुकानात बसून राहिलो. नऊ वाजता दोन गाड्या आल्या. साध्या वेषातली सहा माणसं. त्यांनी ते बंद शटर तोडलं, आत खिळे आणि बिजागऱ्यांशिवाय काही नव्हतं. तोवर एकोणिसावा अंक बिंगोलपर्यंत पोहोचला होता. मित्रहो, मला झालेला आनंद मी लपवत नाही. अंक वाचला आणि चोर सापडला, एका दगडात दोन पक्षी. साखरेचा खडा दाढेखाली धरून मी तीन पेले चहा प्यायलो.

दुपारी कचेरीत आलो. बांधणीच्या टेबलाभोवती बारा माणसं होती. तेमो टपालाने जायच्या पुस्तकांचं पार्सल बांधत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तेमो, एप्रन काढ.”

“का?”

“ते तुला माहीत आहे.”

“मला माहीत नाही, सेवदीन. तुला माहीत असेल तर लिहून दे, मी तपासून देतो.”

कुणीतरी हसलं. ते मला झोंबलं आणि मी तो शब्द उच्चारला. फितूर. चौऱ्याण्णव साली आमेदमध्ये या शब्दाचा अर्थ काय होता ते इथल्या पांढऱ्या केसांना विचारा. तेमोने हातातल्या पार्सलची गाठ पूर्ण केली, सुतळी कापली, एप्रन खिळ्याला टांगला आणि तो जिना उतरून गेला. शिव्या नाहीत, शपथा नाहीत. मला वाटलं, बघा, निर्दोष माणूस असा गप्प जातो का?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी बोलतो, कारण इतकी वर्षं ते आपण सगळे कुजबुजतच आलो. चहाच्या दुकानात त्याचा पेला पालथा घातला जाऊ लागला. त्याच्या सलामाला कुणी उत्तर देईना. बेसेचा साखरपुडा झालेला होता. मुलाकडच्यांनी बांगड्या परत मागितल्या, आणि परत मागायला आलेल्या बाईने कारण उंबऱ्यावर उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दोन महिन्यांनी ते कुटुंब मर्सीनला गेलं. आमच्या मासिकातलं एकेक अक्षर पारखून घेणारा माणूस तिथे सहा वर्षं संत्र्यांच्या पेट्या भरत होता.

मी त्यानंतर चौदा महिने तुरुंगात जाऊन आलो आणि मोठा माणूस झालो. हार-तुरे, मुलाखती. दोन हजार साली सोसिन खानिम संपादक झाल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं? मर्सीनला जाऊन तेमोला परत आणलं. मी म्हटलं, “बाई, विस्तव पदरात घेताय.” त्या म्हणाल्या, “सेवदीन काका, पुरावा आहे?” मी म्हटलं, “लोहारबाजार आहे.” त्या म्हणाल्या, “तो बाजार आहे, पुरावा नाही.” सल्लागार म्हणून माझी खुर्ची तिथेच होती. म्हणजे तेवीस वर्षं आम्ही दोघं एका खोलीत बसलो. आणि तेवीस वर्षं, मंडळी, तो गठ्ठे बांधून गेला की मी प्रती पुन्हा मोजायचो. माझ्या खणाला कुलूप लावायचो आणि किल्ली खिशात आहे ना हे त्याच्यादेखत चाचपायचो. त्याला ते दिसावं म्हणूनच.

एक गोष्ट मला फार खटकायची. दर ईदला तेमो फारकीनला जाऊन माझ्या आईच्या हाताचं चुंबन घ्यायचा. सोबत मर्सीनची संत्री. आई मला फोनवर सांगायची, “तुझा तो तेमो आला होता. तुझ्यापेक्षा जास्त येतो.” माझ्या डोक्यात काय आलं असेल? की याला आईकडून काय हवंय? मी आईला बजावलं, त्याच्यासमोर फार बोलू नकोस. ती म्हणाली, “मी बोलत नाही रे, तोच विचारतो. शब्द विचारतो आणि लिहून घेतो.” दोन हजार चारमध्ये त्या सदरातल्या शब्दांचा कोश निघाला, गेवरेच्या नावाने. त्याची प्रुफं तेमोने तीन वेळा तपासली. त्यात आजवर एक चूक सापडलेली नाही, आणि मी शोधलेली नाही असं समजू नका.

गेल्या महिन्यात सोसिन खानिम मला म्हणाल्या, निरोप समारंभात तुम्ही बोला. मी घरी येऊन विचार केला. ज्याच्या गळ्यात हार घालायचा त्याची फाईल आधी बघून घ्यावी. म्हटलं, मरायच्या आधी एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू. जुन्या खटल्याचे कागद आमच्या वकिलाच्या माळ्यावर होते. खटल्याच्या वेळी मी फक्त आरोपपत्र वाचलं होतं. त्यामागची जोडपत्रं अकराशे पानं. ती कोण वाचतो? यावेळी मी चष्मा पुसून बसलो आणि तेमोचं नाव शोधू लागलो. चार दिवस शोधलं. तेमोचं नाव कुठेच नव्हतं.

पाचव्या दिवशी मला माझ्या आईचं नाव सापडलं.

थोडं पाणी द्या मला. नाही, दुसरा पेला. या पेल्यातलं कुणी ओतलंय ते मी पाहिलं नाही.

फोनवर झालेल्या बोलण्याची ती टिपणं होती. आमच्या सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असायचं की फोनवर काही बोलू नका, भिंतींनाही कान असतात. पण मी आईशी कुर्दीत बोलायचो ना! तीही आमच्या फारकीनच्या खोऱ्यातली, बायकांची, जात्यावरची कुर्दी. माझी पक्की समजूत होती की ऐकणारा असलाच तर तुर्कीतच ऐकणार, त्याला यातलं ओ की ठो कळायचं नाही. आमची भाषा कुणाला येत नाही या दुःखावर मी मासिक काढलं होतं, आणि त्याच दुःखाच्या भरवशावर मी फोनवर बोलत होतो. पलीकडे कुठल्या तरी खुर्चीत आमच्याच खोऱ्यातला कुणीतरी बसला होता. त्याने भाषांतर उत्तम केलं आहे. आईचे दोन शब्द त्याला तुर्कीत मिळाले नाहीत, ते त्याने तसेच ठेवून समासात अर्थ लिहिला आहे. मला दाट संशय आहे की तो आमचा वर्गणीदार असावा.

त्यात मार्चचं बोलणं आहे, फेब्रुवारीचं आहे, जानेवारीचं आहे. आणि हे एप्रिलचं. मी लिहून आणलंय, वाचतो.

“कधी छापणार रे तुझे कागद?”

“मंगळवारी सकाळी, दाये. लोहारबाजारातल्या नव्या छापखान्यात.”

“मंगळवार? बरं. पीठ आहे घरात. मी भाकऱ्या करीन.”

अंक ज्या दिवशी छापला जायचा त्या दिवशी आई सात घरी गरम भाकऱ्या वाटायची. लेकाचं काम निर्विघ्न पार पडावं म्हणून हा दानधर्म, ही खैर करायची. त्यासाठी तिला दिवस लागायचा, तो मी दर वेळी सांगायचो. त्यावेळी खरा दिवस सांगितला असता तर ती सोमवारीच भाकऱ्या वाटत फिरली असती आणि गावभर बोभाटा झाला असता. म्हणून मी तिलाही तेच खोटं सांगितलं जे तेमोला सांगितलं. आणि माणसं मोजताना तिला धरायला विसरलो. आईला कोण मोजतं? तिने काही केलं नाही, मंडळी. तिने फक्त विचारलं. सांगणारा मी होतो. सोळा, सतरा, अठरा, तिन्ही अंक मी माझ्या तोंडाने पोलिसांच्या हाती दिले. तीन महिने मी ज्या फितुराला शोधत होतो तो रोज आरशात माझी दाढी करत होता.

एवढ्यावर संपलं असतं तरी मला पुरे होतं. पण त्या फाईलला मागे एक पावती टाचलेली होती. याआधी ही फाईल एकदाच कुणीतरी वाचायला नेली होती. दोन हजार तीन साली. जप्त झालेल्या तीन अंकांच्या प्रती जगात फक्त त्या फाईलमध्येच उरल्या होत्या, आणि आपल्या संग्रहासाठी त्यांची नक्कल करून आणायला कचेरीने एका माणसाला पाठवलं होतं. अकराशे पानं कोण वाचतो, असं मी मघाशी म्हणालो. मुद्रितशोधक वाचतो. सही तेमोची आहे.

ती पावती घेऊन मी सोसिन खानिमकडे गेलो. त्यांनी ती पाहिली. म्हणाल्या, “काका, वीस वर्षांपूर्वी मी त्यांच्यापुढे शपथ घेतलीय.” मी म्हटलं, “कसली?” तेव्हा त्यांनी सांगितलं. तेमोने ती पानं त्यांच्यापुढे ठेवली होती. त्या उसळून म्हणाल्या होत्या, “खालो, उद्याच सगळ्यांना बोलावते. तुमचं नाव धुऊन निघेल.” आणि हा माणूस म्हणाला होता, “माझं धुशील, पण ते पाणी त्या म्हातारीच्या अंगणात जाईल. लोक म्हणतील, गेवरेच्या फोनने तीन अंक गेले. तिच्या भाकऱ्या कुणी खाणार नाही. मला सवय झालीय, तिला व्हायची नाही.” आणि मग लगेच विचारलं होतं, “शब्दकोशाची प्रुफं कधी येतायत?”

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मी सोसिन खानिमना विचारलं, मग आई गेल्यावर तो का नाही बोलला? त्यांनीही तेव्हा तेमोला हेच विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, “आता त्या कोशावर तिचं नाव आहे. पोरं शाळेत वाचतात. राहू दे.”

बेसे, तू मघापासून माझ्याकडे बघत नाहीस, ते योग्यच आहे. तुझ्या बांगड्या परत मागायला आलेल्या बाईच्या तोंडात शब्द माझा होता. तुझ्या बापाला वीस वर्षांपूर्वी एक पान दाखवून तो पुसता आला असता, आणि त्याने पुसला नाही. त्याबद्दल तू त्याच्यावर रागावली असशील तर तोही राग माझ्या खात्यावर मांड. आणि तेमो, तू तुझ्या संयमाचं काही सांगू नकोस. मला तुझा रागही येतो. तेवीस वर्षं तू मला तुझ्यासमोर खणाची किल्ली चाचपू दिलीस! एकदा तरी माझी मान धरायची होतीस.

अध्यक्ष महोदया, चिठ्ठी पाठवलीत ती मिळाली, वेळ संपली आहे. दोन मिनिटं द्या. आपल्याकडे रीत अशी की जाणारा माणूस राहणाऱ्यांना म्हणतो, माझ्याकडून काही झालं असेल तर माझी मान मोकळी करा. आज जाणारा तेमो आहे, पण तो हे म्हणणार नाही, त्याला म्हणू देणार नाही. बारा माणसांसमोर मी त्याला फितूर म्हणालो होतो. आज इथे तीनशे माणसं आहेत. तुमच्या सगळ्यांसमोर मी तो शब्द त्याच्या नावावरून काढून माझ्या नावापुढे लिहितो. खांबाशेजारचे गृहस्थ, हे वाक्य नीट उतरवून घ्या, आणि छापलंत तर माझ्या आईचंही नाव घाला. ती लपवण्यासारखं काही वागली नव्हती.

आयोजकांनी मला बोलावलं, तुम्ही इतका वेळ सोसलं, हाजींनी चहा पाजला, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तेवढं घेतलं गेलं असेल, तर तुम्ही उदार आहात, सोडून द्या. तुमच्या माफीची मला काळजी नाही.

तेमो, माझी मान मोकळी कर.

नुसतं डोकं हलवू नकोस. तोंडाने सांग, माइकजवळ ये आणि मोठ्याने सांग. मी संशयी माणूस आहे.